चांगली वसाहत कशाने ठरते? कोल्हापुरात घर घेण्याआधी भिंतींबाहेर काय बघावं

कोल्हापुरात घर बघायला निघालेलं कुटुंब बहुधा तेच प्रश्न विचारतं. चौरस फुटाला दर काय, कार्पेट किती, पार्किंग आहे का, कर्ज कोणत्या बँकेचं होईल. मग नमुना फ्लॅट बघायचा, स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हात फिरवायचा, बाल्कनीत उभं राहून वारा येतो का ते पाहायचं. यात चुकीचं काहीच नाही. पण त्याच घरात दहा वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, इथं बरं वाटतं का, तर तो टाइल्सबद्दल क्वचितच बोलतो. पाणी किती वेळ येतं, पावसाळ्यात रस्त्याचं काय होतं, पोरं खेळतात कुठं, आईला भाजी आणायला एकटीला जाता येतं का, लिफ्ट बंद पडली की पैशावरून मीटिंगमध्ये किती भांडणं होतात, हे तो सांगतो.

फ्लॅट चांगला आहे की नाही हे भिंतींच्या आत कळतं. वसाहत चांगली आहे की नाही हे दोन इमारतींमधल्या जागेत, गेटबाहेरच्या रस्त्यावर आणि बिल्डर निघून गेल्यानंतरच्या हिशेबाच्या वहीत कळतं. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर, फुलेवाडी, उचगाव या बाजूंना आज जे उभं राहतंय त्यात पुढच्या दोन पिढ्या राहणार आहेत. म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन समजून घ्यायला हवा.

आधी जमीन

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. ही आकडेवारी कोल्हापूरकराला तोंडपाठ असते, पण प्लॉट घेताना ती नकाशाशी ताडून बघणारे थोडे. पूररेषेच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधल्या पट्ट्यात घरं बांधायला मनाई आहे. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम अटींवर होतं.

इथं एक मोठा गैरसमज आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ २०१९ ला येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत निवांत, असा होत नाही. दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही त्या घरात ३० वर्षं राहणार असाल, तर त्या काळात एकदा तरी तसा पूर बघायची शक्यता गणिताने जवळपास चारात एक येते. कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत चारात एक! आणि २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर सतरा वर्षांच्या आत पाहिलेल्या शहराने त्या गणितावरही फार विसंबू नये.

‘आम्ही प्लॉट चार फूट भरून घेतलाय’ हे उत्तर अनेकदा मिळतं. भराव टाकल्याने पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्या प्लॉटमध्ये आणि जुन्या वस्तीत जातं. नाल्यालगत भराव टाकला तर पुराआधी साध्या मुसळधार पावसातच मागची गल्ली तुंबते. शिवाय घर कोरडं राहिलं तरी रस्ता बुडतो. २०१९ ला शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद होता आणि शहर तुटलं होतं. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्याने चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या कोरड्या घरांतही नळाला पाणी नव्हतं. म्हणून प्लॉट लाल रेषेच्या बाहेर आहे का, एवढं विचारून भागत नाही. पुराच्या दिवशी दवाखान्यापर्यंत कोणत्या रस्त्याने जाता येईल, मीटरची पेटी, जनरेटर आणि पाण्याची टाकी कोणत्या उंचीवर आहे, हेही विचारायला हवं. चांगला आर्किटेक्ट हे प्रश्न तुमच्याआधी स्वतःला विचारतो.

नदीच्या बाजूला काळी माती, दक्षिणेकडच्या चढावर मुरूम, ही या भागाची ठेवण आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया त्या मातीतून खाली मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतींना तिरपे तडे जातात. इमारतीचा पाया बहुतेक वेळा नीट नेतात, पण कंपाउंड भिंत, आतले रस्ते आणि ड्रेनेजच्या चेंबरवर पैसा वाचवतात, आणि पाच वर्षांत तेच खचतं. मुरमाच्या चढावर हा त्रास नाही, पुराची भीती नाही. तिथं अडचण पाण्याची.

साठ फ्लॅटचं पाणी

जरा हिशेब करू. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. साठ फ्लॅट, घरटी साडेचार माणसं, म्हणजे २७० माणसं. रोजचं पाणी झालं ३६ हजार लिटरच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज साडेतीन टँकर. बिल्डरने ‘बोअरला भरपूर पाणी आहे’ म्हटलं, तर ते मे महिन्यातलं सांगतोय की ऑक्टोबरमधलं, हे विचारा. कळंबा-पाचगावच्या चढावर एका बोअरशेजारी दुसऱ्या इमारतीची बोअर पडते, मग तिसरीची, आणि तिघांचं पाणी खाली जातं.

काळम्मावाडी धरणातून टाकलेल्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत कोल्हापुरात आलं. वर्षानुवर्षं वाट पाहिलेली गोष्ट होती. पण ते शहराचं पाणी. नवी वसाहत शहराच्या हद्दीत येते का, इथं सगळी मेख आहे. महानगरपालिका १९७२ ला झाली आणि त्यानंतर अर्धशतक उलटेपर्यंत हद्द वाढली नाही. शहर मात्र हद्द ओलांडून कधीच बाहेर पडलं. २०१७ ला आसपासच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. त्यामुळे तुमच्या वसाहतीला नकाशा मंजूर करणारं कार्यालय एक, पाणी देणारी ग्रामपंचायत किंवा योजना दुसरी, आणि कचरा उचलणारं कुणी तिसरं, असं होऊ शकतं. हद्दवाढ व्हावी की नको यावर दोन्ही बाजूंची मतं तीव्र आहेत, तो वाद इथं नको. घर घेणाऱ्याने एवढंच करावं: पाणी, सांडपाणी, कचरा आणि रस्त्यावरचे दिवे या चार गोष्टी नेमक्या कुणाच्या जबाबदारीत आहेत ते लेखी विचारून घ्यावं.

वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. साठ फ्लॅटचं रोजचं २९ हजार लिटर. जिथं भुयारी गटार नाही तिथं सेप्टिक टँक भरतो, ओढ्याला जातो, ओढा पंचगंगेला. शहरात कसबा बावडा आणि दुधाळीला प्रक्रिया प्रकल्प आहेत, पण तिथवर पाणी पोचलं तर त्यांचा उपयोग. नदीच्या प्रदूषणावर आपण मोर्चे काढतो आणि घर घेताना ड्रेनेज कुठं सोडलंय हे विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पावसाचं पाणीही मोजून बघण्यासारखं आहे. एका एकरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते चार लाख लिटर पाणी होतं. शेत असताना त्यातलं बरंच मुरत होतं. आता वर छप्पर, खाली पेव्हिंग ब्लॉक. त्यातलं बहुतेक पाणी थेट रस्त्यावर येतं आणि उतारावरच्या वसाहतीत घुसतं. मातीचा मोकळा पट्टा, शोषखड्डा, विहीर किंवा बोअरचं पुनर्भरण हे सगळं वसाहतीच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावं लागतं. नंतर ते बसवायला जागाच उरत नाही.

रस्ता पुढं जातो का?

राजारामपुरीत मुख्य रस्त्याला काटकोनात गल्ल्या आहेत, त्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे आकडे आहेत. नवखा माणूसही तिथं चुकत नाही. एका गल्लीत खोदकाम चालू असलं तर शेजारच्या गल्लीतून निघता येतं. दुकानं मुख्य रस्त्याला, घरं आत, चालत दोन मिनिटांवर. ही मांडणी आधी झाली, घरं मागून आली.

उपनगरांत उलट घडतं. तिथं शेतजमिनीचा गट नंबर हाच नियोजनाचा घटक होतो. एका शेतकऱ्याने आपल्या गटात प्लॉट पाडले, मधोमध रस्ता काढला. तो रस्ता बांधापाशी संपतो. पलीकडच्याने आपल्या गटात दुसरा रस्ता काढला, तो वेगळ्याच ठिकाणी संपतो. मधे कंपाउंडची भिंत. परिणाम असा, की खिडकीतून दिसणाऱ्या शाळेत जायला मुलाला मुख्य रस्त्यापर्यंत येऊन मोठा वळसा घालावा लागतो, आणि सगळ्या वसाहतींच्या गाड्या त्या एकाच मुख्य रस्त्यावर येतात. गर्दीला आपण गाड्यांची संख्या जबाबदार धरतो. निम्मं कारण या तुटक रस्त्यांत आहे.

मोकळ्या जागेचंही तसंच. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. एकरभर जमीन म्हणजे ४० गुंठे, त्यातले चार गुंठे. चार गुंठ्यांत मैदान होत नाही, पण चांगली बाग होते. तेच एकर गुंठा-गुंठा करून विकलं गेलं, तर खुली जागा शून्य आणि रस्ता जेमतेम बैलगाडीचा. गुंठेवारी पुढं नियमित होते, दंड भरला जातो, पण मुलांना खेळायला चार गुंठे कुठूनही परत आणता येत नाहीत.

यावरचा उपाय कायद्यात १९६६ पासून आहे: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातली नगररचना योजना. अनेक मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून आधी रस्ते, बाग, शाळेची जागा काढायची आणि उरलेले नीटनेटके प्लॉट त्याच मालकांना परत द्यायचे. क्षेत्र कमी होतं, किंमत वाढते. खासगी पातळीवर हेच पुण्यात हडपसरच्या मगरपट्ट्यात झालं. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदार झाले. जमीन विकून पैसे संपवण्याऐवजी ते विकासाचे मालक राहिले. ज्या जिल्ह्याने साखर कारखाने आणि दूध संघ सहकारातून उभे केले, त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. इथं ती अजून मोठ्या प्रमाणावर रुजली नाही, आणि दर वर्षी उशीर होईल तसे बांध पक्के होत जातात.

दोन इमारतींमधली जागा

जगभर नव्या वसाहतींचा जो अभ्यास झाला, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जी जागा कुणाची आहे ते कळत नाही, ती बिघडते. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५० च्या दशकात प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत बांधली, ११ मजल्यांच्या ३३ इमारती. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावर थांबायची आणि तिथल्या लांबलचक गॅलऱ्यांत शेजारी एकत्र येतील अशी कल्पना होती. त्या गॅलऱ्या कुणाच्याच दाराला लागून नव्हत्या, कुणाच्या खिडकीतून दिसत नव्हत्या. तिथं भीती वाटू लागली, लोक निघून गेले, आणि १९७२ पासून इमारती पाडायला सुरुवात झाली. दोष निव्वळ आराखड्याचा नव्हता. देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून काढायचा होता. घरं रिकामी झाली तसा तो पैसाही आटला. त्या मुद्द्याकडे पुढं येतोच.

आपल्याकडे नेमकं उलटं उदाहरण आहे. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात केलेल्या वसाहतीत साधारण सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती आहेत. तो चौक जेमतेम आठ मीटर लांब-रुंद. असे तीन चौक मिळून पुढचा मोठा चौक, आणि मग सगळ्यांचं मैदान. सात घरांचा चौक कुणाचा, हे सांगावं लागत नाही. तिथं परकं कुणी आलं तर लगेच लक्षात येतं आणि कुणाच्या घरचं लहान मूल रडतंय हेही. शिवाय घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, त्यामुळे ज्याला त्याला आपल्या ऐपतीप्रमाणे घर वाढवता आलं.

इंदूरमध्ये बाळकृष्ण दोशींनी ‘अरण्य’ वसाहत केली. सुमारे ८५ हेक्टरांवर साडेसहा हजार प्लॉट. सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा, त्यावर जोतं, संडास-न्हाणी आणि पाण्याची सोय करून दिलेली. वरचं घर कुटुंबाने सवडीने बांधायचं. गरीब वस्ती एकीकडे आणि बंगले दुसरीकडे असं न करता वेगवेगळ्या उत्पन्नाची माणसं एकाच वसाहतीत येतील अशी रचना होती. घरापुढं ओटा, ओट्यापुढं गल्ली. १९९५ ला या कामाला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

हे वाचताना शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला आपलीच गल्ली आठवेल. रस्त्यालगत पायरी, मग सोपा, मग माजघर, मागं परडं. सोप्यात बसलेली आजी रस्ता बघत असते आणि रस्त्यालाही ती दिसते. गल्लीच्या तोंडाशी तालीम, तिच्यापुढं कट्टा. या पेठांत दाटी आहे, गाड्या लावायला जागा नाही, जुन्या घरांत उजेड कमी. त्या जशाच्या तशा पुन्हा बांधाव्यात असं मी म्हणत नाही. पण आत-बाहेरच्या मधली ती पायरी नव्या इमारतींतून नाहीशी झाली आहे. आता तळमजल्यावर सगळं पार्किंग, भोवती सहा फुटी भिंत, भिंतीबाहेर ओसाड रस्ता. संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्यावरून मुलगी क्लासहून परत येते तेव्हा तिच्यावर नजर पडेल अशी एकही उघडी खिडकी नसते. सीसीटीव्ही असतो, तो घडून गेल्यावर उपयोगी पडतो.

बदल फार खर्चाचे नाहीत. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला दोन-तीन दुकानं, किराणा, दूध, औषधं. भिंत कमरेएवढी, वर जाळी. जिन्याच्या तोंडाशी पावसात भिजणार नाही असा बसायचा कट्टा. बाग इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरशेजारी ढकलण्याऐवजी स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून दिसेल अशी. पामच्या रांगेऐवजी करंज, बहावा, ताम्हण, बकुळ, ज्यांच्याखाली मे महिन्यात उभं राहता येतं. पश्चिमेच्या खिडक्यांना खोल छज्जा, कारण आपल्याकडे पावसाची झड तिकडूनच येते आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊनही. आणि बसथांबा चालत पाच-सात मिनिटांवर. केएमटी, म्हणजे महापालिकेची बससेवा, कितीही अडचणीत असली तरी कॉलेजच्या पोरांना आणि कामावर जाणाऱ्या बायकांना तीच लागते.

क्लब हाउस आणि जलतरण तलावाबद्दल स्पष्ट सांगतो. शंभर-सव्वाशेपेक्षा कमी घरांच्या वसाहतीत तलाव परवडत नाही. दोन उन्हाळे चालतो, मग पंप बिघडतो, मग वर्गणीवरून वाद, मग त्यात पावसाचं पाणी आणि डास. त्याच जागेत सावलीची झाडं, बाक आणि मुलांना सायकल फिरवायला वाट केली, तर तीस वर्षांनीही ती वापरात असेल.

बिल्डर गेल्यानंतर

प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर असेल आणि त्यात आठपेक्षा जास्त घरं असतील, तर त्याची महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. कोल्हापुरात लहान प्रकल्प पुष्कळ, त्यातले काही या मर्यादेखाली राहतात. तिथं कागद जास्त काळजीने तपासावेत. नोंदणी असेल तर संकेतस्थळावर मंजूर नकाशा दिसतो. त्यात बाग जिथं आहे तिथंच ती झाली पाहिजे. दोन तृतीयांश खरेदीदारांच्या लेखी संमतीशिवाय मंजूर आराखडा बदलता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. बांधकामातला दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघाला, तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. फरशीखालचा ओलावा, गच्चीची गळती हे पहिल्या पावसाळ्यातच लेखी कळवा, तोंडी नको.

देखभालीचा हिशेब मात्र जवळपास सगळे चुकवतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) किमान पाव टक्का, दर वर्षी. एका फ्लॅटचा बांधकाम खर्च २० लाख धरला तर वर्षाला १५ हजार आणि ५ हजार. महिन्याला झाले साधारण १,६७०, आणि यात वॉचमन, वीज, लिफ्टचा करार, सफाई धरलेलीच नाही. विक्रीच्या वेळी ‘मेंटेनन्स फक्त हजार रुपये’ सांगितला असेल, तर दुरुस्तीसाठी काहीच साठत नाही, असा त्याचा अर्थ घ्या. पंधराव्या वर्षी लिफ्ट बदलायची आणि बाहेरून रंग द्यायची वेळ येते, तेव्हा घरटी लाखाची मागणी निघते आणि निम्मी घरं देत नाहीत. प्रुइट-आयगोचा पैशाचा धडा आपल्या गल्लीत असा येतो.

शेवटची गोष्ट जमिनीच्या मालकीची. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळाल्यापासून तीन महिन्यांत इमारत आणि जमीन संस्थेच्या नावावर करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. ते न झाल्यास सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर जुनंच नाव राहतं, आणि पुढं पुनर्विकासाच्या वेळी किंवा खुल्या जागेच्या वादात संस्थेचे हात बांधलेले असतात. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर संस्थेला मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय मालकी नावावर करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. संस्थेचं नोंदणीपत्र, प्रत्येकाचा नोंदवलेला करार, मंजूर नकाशा आणि जमिनीचे उतारे त्यासाठी लागतात, म्हणून हे कागद ताबा घेतल्याच्या पहिल्याच वर्षी एका फायलीत गोळा करून ठेवावेत.